ताई, पगार एवढाच का आला? पहिल्या नोकरीतल्या पैशाची घडी बसवताना

चाकणच्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं पगारपत्रकं काढते आहे. दर महिन्याच्या सात तारखेला माझ्या खिडकीशी नवी पोरं येतात. कुणी बीडचं, कुणी लातूर-नांदेडचं, कुणी वाशिमचं. हातात मोबाइल, त्यावर बँकेचा मेसेज आणि प्रश्न ठरलेला, "ताई, पगार एवढाच का आला?" तीन-चार महिने गेले की त्यातलीच काही परत येतात. आता प्रश्न वेगळा असतो, "ताई, उचल मिळेल का?"

पहिल्या प्रश्नापासून दुसऱ्या प्रश्नापर्यंतच्या त्या तीन-चार महिन्यांत काय करायचं, ते मी पोरांना एकेकट्याला गाठून सांगत आले. आज सगळं सलग लिहिते आहे. यात श्रीमंत व्हायची युक्ती नाही. महिनाअखेरीला कुणापुढे हात पसरावा लागू नये आणि कष्टाचा पैसा कुणी लुबाडू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

सुरुवातीलाच तीन प्रश्न पाठ करून ठेवा. पैसा कुठेही ठेवताना ते विचारायचे. पैसा नक्की कुणाच्या ताब्यात जातो? अडचण आली तर किती दिवसांत परत मिळेल? आणि सगळं कापून-सवरून माझ्या हातात किती पडेल? समोरच्याला या तिन्हींची सरळ उत्तरं देता येत नसतील तर चहा पिऊन उठायचं, सही करायची नाही.

पायरी १ : पगाराची स्लिप वाचा

नेमणूकपत्रावर वर्षाला ३ लाख ६० हजार लिहिलेलं असतं. बाराने भागलं की तीस हजार. गावी पेढे वाटून होतात, "तीस हजारांची नोकरी लागली." आणि खात्यात पडतात साडेपंचवीस.

मधले कुठे गेले ते मांडून बघू. मूळ पगार १५ हजार धरा. कंपनी तिच्या वाट्याचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) म्हणून भरते ते १,८०० रुपये आणि ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांसाठी) धरते ते साधारण ७२० रुपये, हे दोन्ही त्या तीस हजारांतच मोजलेले असतात. उरले २७,४८०. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० रुपये गेला. हातात २५,४८०. फेब्रुवारीत आणखी शंभर कमी दिसतील, कारण महाराष्ट्रात हा कर वर्षाला २,५०० रुपये आहे. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो एप्रिल २०२३ पासून माफ आहे. तरी कापला जात असेल तर पोरींनो, खिडकीशी जाऊन विचारा. आणि पगार २१ हजार किंवा त्याहून कमी असेल तर ईएसआयसीचे (कामगार राज्य विमा महामंडळाचे) पाऊण टक्का कापले जातात. त्या बदल्यात तुमच्यावर आणि घरच्यांवर ईएसआयसीच्या दवाखान्यात उपचार होतात. त्याचं कार्ड आठवणीने काढून घ्या.

पीएफ कापला म्हणजे गेला, असं फार जणांना वाटतं. तुमचे १,८०० पूर्णच्या पूर्ण तुमच्या पीएफ खात्यात जमा होतात. कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनकडे आणि ५५० पीएफकडे जातात. म्हणजे दरमहा २,३५० रुपये तुमच्या नावावर साठतात, आणि २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालं. शिवाय नोकरीत असताना मृत्यू झाला तर याच खात्याला जोडलेला ७ लाखांपर्यंतचा विमा घरच्यांना मिळतो, त्यासाठी तुमच्या पगारातून पैसाही कापला जात नाही. हे इतक्या कमी लोकांना माहीत आहे की दर वेळी सांगताना मला नवल वाटतं.

तुमचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा नंबर, बारा आकडी असतो. उमंग अ‍ॅपवर त्याचं पासबुक उघडा आणि दर तीन महिन्यांनी एकदा बघा. स्लिपवर कपात दिसते आणि पासबुकात जमा दिसत नाही, असं झालं तर वेळ न घालवता कंपनीत आणि मग पीएफ कार्यालयात लेखी विचारा. नोकरी बदलली की पीएफ काढून मोबाइल घेऊ नका, नव्या कंपनीत वर्ग करा. सलग पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढला तर त्यावर करही लागू शकतो.

पायरी २ : एक महिना नुसतं लिहा

माझी आई वाणसामानाची वही ठेवायची. शंभर पानी, पिवळ्या पुठ्ठ्याची, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. साखर, चहा, रॉकेल, फोडणीचं तेल आणि शेवटी अधूनमधून एक ओळ, "असेच ५ रु." वडिलांना ती त्या ओळीचा हिशोब कधी देत नसे. पण ती ओळ लिहिल्याशिवाय राहतही नसे.

औसा तालुक्यातला एक पोरगा दोन वर्षांपूर्वी उचल मागायला आला. शिफ्ट सुटल्यावर त्याला कँटीनमध्ये बसवलं आणि बँकेच्या अ‍ॅपमधून मागच्या महिन्याचं स्टेटमेंट काढायला लावलं. आम्ही दोघांनी एकेक ओळ मोजली. महिन्यात १४३ वेळा पैसे दिले होते, त्यातले ९६ वेळा शंभराच्या आतले. वीस रुपयांचा चहा, तीसचा वडापाव, एकोणपन्नासचा गेमचा रिचार्ज, रात्री बाराला पाणीपुरी. त्या ९६ ची बेरीज झाली ४,०३२. त्याला वाटत होतं हजार-बाराशे असतील. फोन टेबलावर पालथा ठेवून तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ताई, आईला पाच हजार पाठवतो म्हणालो होतो. दोन महिने तीनच पाठवले."

मी त्याला चहा बंद कर म्हटलं नाही. बारा तास उभं राहणाऱ्या माणसाचा चहा काढून घ्यायचा नसतो. एवढंच सांगितलं की महिनाभर रोज रात्री झोपण्याआधी लिही. दोनच रकाने करायचे, "ठरवून" आणि "सहज". भाडं, मेस, पेट्रोल ठरवून. बाकीचं सहज. पहिल्या महिन्यात काही बदलू नका, नुसतं लिहा. चोरून-लपवून लिहिलेली वही काही कामाची नाही, ती फक्त तुम्हीच बघणार आहात. मोबाइलवर अ‍ॅप चालत असेल तर चालवा. माझा अनुभव असा की हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं.

पायरी ३ : पगाराच्या दुसऱ्या दिवशी पैसे वाटून टाका

महिनाअखेरीला उरेल ते साठवू, असं म्हणणाऱ्यांचं कधी काही उरलेलं मी पाहिलं नाही. म्हणून क्रम उलटा करा. आधी बाजूला काढा, मग खर्च करा.

याच पोराचा हिशोब घेऊ. तिघांत खोली, त्याच्या वाट्याला भाडं ४,५००. मेस ३,६००. घरी ५,०००. पेट्रोल १,५००. मोबाइल, लाइट, वायफाय मिळून ८००. झाले १५,४००. पंचवीस हजार चारशे ऐंशीतून ते वजा केले की १०,०८० राहतात. यातले ४,००० दर महिन्याच्या आठ तारखेला आपोआप दुसऱ्या खात्यात जातील अशी सूचना बँकेत एकदाच देऊन ठेवायची. २,००० वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांसाठी, म्हणजे गाडीचा विमा, दिवाळीचे कपडे, गावच्या जत्रेला जाणं, बहिणीकडची भाऊबीज. हे खर्च दर वर्षी त्याच वेळी येतात आणि तरी दर वर्षी आपण अचानक आल्यासारखे गडबडतो. उरलेले ४,०८० हातखर्चाला. आता बघा, त्याचा "सहज" खर्च ४,०३२ होता. तो यात बसतो. म्हणजे चहा-वडापावने त्याला बुडवलं नव्हतं. बाकीचे सहा हजार कुठे गळत होते, ते वही लिहिल्यावर कळलं. फोनचा हप्ता २,१५०, रात्री मागवलेलं जेवण आणि मित्रांना दिलेले, परत न आलेले पैसे.

दुसऱ्या खात्याची एक अट आहे. त्याला यूपीआय जोडायचं नाही आणि त्याचं एटीएम कार्ड पाकिटात ठेवायचं नाही. पैसे काढायला थोडा त्रास व्हायला हवा. गावाकडे पिग्मीवाला रोज दुकानात येऊन पन्नास-शंभर घेऊन जायचा, त्यात हीच सोय होती. पैसा हातात राहायचाच नाही.

भिशीबद्दल हमखास विचारतात. बारा जणांनी महिन्याला दोन-दोन हजार टाकायचे, दर महिन्याला एकाला चोवीस हजार मिळायचे. ओळखीच्या चार-दोन घरांतली छोटी भिशी मी वाईट म्हणणार नाही, तिने कितीतरी बायकांची शिलाई मशीन आली आहेत. पण तीन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर तिथे एका माणसाच्या शब्दावर उभं असतं. पहिल्या महिन्यांत उचललेल्याने पुढे हप्ते थांबवले तर हातात कागद नसतो. जेवढे बुडाले तरी झोप लागेल, तेवढेच तिथे घाला.

पायरी ४ : उधारीचा खरा भाव काढा

क्रेडिट कार्ड हातात आलं की खरेदीनंतर ४५-५० दिवसांपर्यंत बिनव्याजी मिळतात, हे खरं. पण ते पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्यालाच. बिलावर एक छोटा आकडा छापलेला असतो, किमान देय रक्कम. समजा बिल २०,००० चं आहे आणि तुम्ही किमान १,००० भरलेत. उरलेल्या १९,००० वर महिन्याला साडेतीन टक्के धरले तर ६६५ रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी १२० रुपये. म्हणजे निदान ७८५. पुढच्या महिन्यात पुन्हा हजार भरलेत तर मुद्दल जेमतेम दोनशे रुपयांनी हललं. वर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही गेली, खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू. वर्षाचा दर चाळीस टक्क्यांच्या घरात जातो. पूर्ण बिल भरता येणार असेल तरच कार्ड वापरा.

दुसरा खड्डा "फ्लॅट" व्याजाचा. दुचाकी किंवा घरगुती वस्तूंच्या कर्जाला विक्रेता म्हणतो, "फक्त बारा टक्के फ्लॅट." १ लाख, दोन वर्षं. व्याज २४ हजार, एकूण १ लाख २४ हजार, चोवीस हप्त्यांत महिन्याला ५,१६७. वरवर ठीक वाटतं. पण दर महिन्याला तुम्ही मुद्दल फेडत असता, आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण लाखावर आकारलेलं असतं. घटत्या शिलकीवर हाच दर साडेएकवीस टक्क्यांहून जास्त पडतो. यावर सोपा उपाय आहे. ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी अशा कर्जांना मुख्य तथ्यांचं पत्रक द्यायचं आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर एका आकड्यात लिहिलेला असतो. ते पत्रक मागा, तो आकडा वाचा, मग बोला. "नो कॉस्ट ईएमआय"लाही हेच लागू. रोखीने घेतलं तर किती सूट मिळते, हे विचारलं की व्याज कुठे दडलं आहे ते दिसतं.

आणि आता जामीन. यावर मला जरा थांबायचं आहे, कारण माझ्या टेबलावर येणारी सगळ्यात दुःखद पत्रं या विषयाची असतात.

खोलीतला मित्र म्हणतो, "पतसंस्थेतून कर्ज काढतोय, नुसती सही लागते." नुसती सही असं काही नसतं. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्याने फेडलं नाही तर संस्था आधी त्याच्यामागे लागून दमलीच पाहिजे, असं बंधन नसतं. सहकार कायद्याखाली कलम १०१ चा वसुली दाखला निघतो, आणि मग कंपनीच्या नावाने पत्र येतं की अमुक कर्मचाऱ्याच्या पगारातून दरमहा एवढे कापून पाठवा. कर्ज काढणारा तोवर नोकरी सोडून गेलेला असतो. कापायचं काम माझ्याकडे येतं. एका फिटरच्या पगारातून मी अडीच वर्षं दुसऱ्याच्या म्हशींचं कर्ज कापलं. त्याने कधी आवाज चढवला नाही. स्लिप घ्यायचा, त्या ओळीवर बोट ठेवायचा आणि विचारायचा, "अजून किती राहिले?" जामीन राहायचंच असेल तर ते पूर्ण कर्ज आपणच काढतो आहोत असं समजून आकडा बघा. परवडत नसेल तर "घरच्यांनी शपथ घातली आहे" म्हणून मोकळे व्हा, मैत्री टिकते.

आपल्या नावावर काय-काय कर्जं चालू आहेत, हे सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीच्या अहवालात दिसतं. देशात अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात तुम्ही न घेतलेलं कर्ज दिसलं तर तिथेच तक्रार नोंदवा.

पायरी ५ : अडीनडीचे पैसे आणि ते ठेवायची जागा

तीन महिन्यांच्या ठरलेल्या खर्चाइतकी रक्कम आधी उभी करा. आपल्या हिशोबात १५,४०० गुणिले तीन, म्हणजे ४६,२००. दरमहा ४,००० टाकलेत तर वर्षभरात होतात. वर्षभर दुसरं काही करू नका. शेअर नको, सोनं नको, मित्राने सांगितलेला प्लॉट तर नकोच. आईला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा हे पैसे असतील तर उचल लागणार नाही, सावकार लागणार नाही.

ठेवायचे कुठे? बचत खात्यात थोडे आणि बाकीचे मोडता येईल अशा मुदत ठेवीत. इथे लोक दोन टक्के जास्त व्याजासाठी पतसंस्थेकडे वळतात. दोन्हीतला फरक नीट समजून घ्या. बँकेत, सहकारी बँकसुद्धा धरून, प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली. पतसंस्थेला हे विम्याचं कवच नाही, मग तिचं दालन कितीही काचेचं असो आणि नावापुढे "मल्टिस्टेट" लिहिलेलं असो. पाटीवर "बँक" हा शब्द आहे का बघा आणि ठेव विमा लागू आहे का, हे तोंडावर विचारा.

विमा असला तरी दुसरा प्रश्न उरतोच, कधी मिळेल? सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना सहा महिन्यांसाठी फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. ज्यांचं सगळंच त्या एका बँकेत होतं, त्यांनी काय सोसलं असेल याचा विचार करा. दोन वेगवेगळ्या बँकांत खाती ठेवायला मी सांगते ते याचसाठी.

पायरी ६ : विमा, पण विमाच

सगळ्यात आधी ४५६ रुपये खर्च करा. बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा देते, आणि जीवनज्योती योजना ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख देते. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. खात्यात त्या सुमारास पैसे नसतील तर हप्ता कापला जात नाही आणि विमा तुटतो, मे महिन्यात शिल्लक बघून ठेवा.

तुमच्या पगारावर घर चालत असेल तर यापुढे साधा टर्म विमा घ्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा. मुदत संपल्यावर त्यात काही परत मिळत नाही, म्हणून लोक नाक मुरडतात आणि ओळखीच्या काकांकडून "पैसे परत" वाली पॉलिसी घेतात. तिचा हिशोब करून बघा. समजा वर्षाला २४,००० वीस वर्षं भरले आणि शेवटी आठ लाख मिळाले. भरले ४ लाख ८० हजार, म्हणजे फायदा दिसतो भरघोस. प्रत्यक्षात परतावा वर्षाला साडेचार-पावणेपाच टक्के पडतो, आणि विम्याची रक्कम एवढी थोडी असते की कमावता गेला तर घर दोन वर्षंही चालणार नाही. कुणाच्या भिडेखातर नुकतीच घेतली असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. काकांना राग येईल. येऊ द्या.

आरोग्याचं म्हणाल तर कंपनीचा गट विमा आई-वडिलांना धरतो का, ते विचारा. घरच्या रेशनकार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कोणती रुग्णालयं जवळ आहेत, हे आजारपण येण्याआधी माहीत करून घ्या.

पायरी ७ : आता वाढवा

अडीनडीचे उभे राहिले, महागडी उधारी संपली, विमा झाला. मगच ही पायरी.

पाच-सात वर्षांत लागणारे पैसे आवर्तक ठेवीत किंवा पोस्टात राहू द्या. पीपीएफ, म्हणजे सरकारी दीर्घ बचतीचं खातं, पंधरा वर्षांचा असतो, वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख भरता येतात. त्यात महिन्याच्या पाच तारखेपर्यंत पैसे भरले तर त्या महिन्याचंही व्याज मिळतं. सात तारखेला पगार होणाऱ्यांनी पुढच्या महिन्याच्या एक तारखेची सूचना लावा.

त्याहून लांबच्या पैशांसाठी म्युच्युअल फंडातली (अनेकांचे पैसे एकत्र करून गुंतवणाऱ्या योजनेतली) मासिक गुंतवणूक, म्हणजे एसआयपी. नवख्याला मी निर्देशांकावर चालणारा साधा फंड सांगते. पण बाजार काय करतो ते आधी ऐका. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरभावांचा निर्देशांक, बारा हजारांच्या वर होता, २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. ज्यांनी घाबरून त्या आठवड्यात काढले त्यांचं नुकसान कायमचं झालं, कारण त्याच वर्षी नोव्हेंबरात बाजार जुन्या उंचीवर आला. ज्यांना त्याच आठवड्यात गरज होती त्यांच्यापुढे तर पर्यायच नव्हता. म्हणून पाचवी पायरी आधी.

फंड घेताना "डायरेक्ट" आणि "रेग्युलर" असे दोन प्रकार दिसतील. रेग्युलरमध्ये मधल्या माणसाचं कमिशन दर वर्षी कापलं जातं. ३,००० महिन्याला, पंचवीस वर्षं. परतावा ११ टक्के धरला तर सुमारे ४७ लाख, १० टक्के धरला तर जेमतेम ४० लाख. एका टक्क्याची किंमत सात लाखांच्या वर. परताव्याची हमी कुणीच देत नाही, हा फक्त खर्चाचा परिणाम दाखवणारा हिशोब आहे.

ऑप्शनचं ट्रेडिंग, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर पैज लावल्यासारखे सौदे, शिकवणारे व्हिडिओ पोरं जेवणाच्या सुट्टीत बघतात. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशोब काढला, तेव्हा वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. माझी हात जोडून विनंती आहे, त्या वाटेला जाऊ नका.

सोनं घ्यायचं तर हौसेने घ्या, बहिणीच्या लग्नाला घ्या. हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी बघा आणि पावती जपा. पण दागिन्याची घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी विकताना परत येत नाही, हे ठाऊक असू द्या.

फसवणुकीची एक परीक्षा

"महिन्याला दहा टक्के" कुणी म्हटलं की मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. १ लाखावर दरमहा दहा टक्के, व्याजावर व्याज धरून, एका वर्षात ३ लाख १४ हजार होतात. दहा वर्षांत ९२७ कोटी. असं खरंच होत असतं तर तो माणूस तुमच्या दोन लाखांसाठी फोन करत बसला नसता. जानेवारी २०२५ मध्ये पैसे मिळायचे थांबले म्हणून दादरला एका दागिन्यांच्या शोरूमसमोर जमलेल्या गर्दीत भाजीवाले होते, नोकरदार होते. त्यांना आठवड्या-आठवड्याला टक्के मिळतील असं सांगितलेलं होतं, आणि सुरुवातीला ते मिळालेही होते. सुरुवातीला मिळतातच. नव्याचे पैसे जुन्याला देऊन विश्वास बसवायचा, ही त्याची पद्धत असते.

यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत. आणि फसलात तर लाजून गप्प बसू नका, तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे मधल्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता बरीच असते. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

शेवटचं काम : नावं लावणं

एक साधी फाइल करा. त्यात बँकांची नावं, पॉलिसी नंबर, यूएएन, कर्जं, कुणाला दिलेले आणि कुणाकडून घेतलेले पैसे. पासवर्ड लिहू नका. फाइल कुठे आहे ते घरातल्या एकाला तरी माहीत असू द्या. बँक खात्यांना नॉमिनी लावा, नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नावं देता येतात.

पीएफचं मात्र वेगळं आहे. अविवाहित असताना आईचं किंवा भावाचं नाव लावलं असेल तर लग्न होताच ते नामनिर्देशन रद्द ठरतं, नवीन करावं लागतं. लग्नाच्या सुट्टीवरून परतलेली पोरं माझ्याकडे पेढे घेऊन येतात तेव्हा मी आधी पेढा घेते आणि मग त्यांना तिथेच खुर्चीवर बसवते. यूएएनच्या संकेतस्थळावर ई-नॉमिनेशन उघडायचं, बायकोचा फोटो आणि आधार क्रमांक भरायचा, स्वतःच्या आधारवर आलेला ओटीपी टाकून सही करायची. तुमच्याही कंपनीत अशी एक खिडकी असेलच. दहा मिनिटं लागतात, फक्त आधारला जोडलेला मोबाइल सोबत घेऊन जा.